गोळीने आलेला संयम

नाल्ट्रेक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम अडवणारे औषध आहे. गर्द (म्हणजे ब्राउन शुगर), मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमॅडॉल हे सगळे मेंदूतल्या ‘म्यू’ नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतात. दुखणे थांबते, गुंगी येते, सुखाची लाट उसळते, ती त्यातूनच. नाल्ट्रेक्सोन त्याच ग्राहींना अधिक घट्ट चिकटते, पण स्वतः कसलीही नशा आणत नाही. जागा आधीच धरलेली असल्याने मागून आलेल्या गर्दला तिथे काही करता येत नाही. पन्नीखाली काडी पेटते, धूर छातीत भरला जातो, पुडीचे पैसे गेलेले असतात, आणि नशा येत नाही.

या औषधाची पारख वैद्यकशास्त्राने गेल्या चार दशकांत बऱ्यापैकी केली आहे. त्याच्या पोटातला दुसरा एक प्रश्न मात्र वैद्यकाच्या हद्दीबाहेर जातो. ज्याला नशा चढूच शकत नाही तो नशेपासून दूर राहिला, तर ते त्याचे वैराग्य की औषधाचा गुण? व्यसनी माणसाच्या घरचे हाच प्रश्न साध्या शब्दांत विचारतात: गोळी चालू आहे तोवर ठीक, पण हा खरंच सुधारला का? ‘खरंच’ या शब्दामागे संयम म्हणजे काय, याविषयीची एक जुनी धर्मकल्पना उभी असते. नाशिक जिल्ह्यात या कल्पनेची तीन ठाणी जवळजवळ आहेत. त्र्यंबकेश्वरला ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी आहे, इगतपुरीला विपश्यनेचे धम्मगिरी केंद्र आहे, आणि येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. या तिन्ही परंपरांना नाल्ट्रेक्सोन ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी त्या औषधाने उभ्या केलेल्या पेचावर तिघींकडेही सांगण्यासारखे आहे.

आधी औषधाची हद्द आखून घेणे बरे, कारण व्यसन म्हटले की सगळे एकाच टोपलीत टाकण्याची सवय आहे. नाल्ट्रेक्सोनची अडवणूक चालते ती अफू आणि तिच्या जातीच्या पदार्थांपुरती. दारूच्या व्यसनातही ते वेगळ्या मार्गाने उपयोगी पडते आणि अमेरिकेत १९९४ पासून त्यासाठीही मान्य आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी जो कारखाना उघडकीस आणला तो मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा होता. ‘एमडी’ची नशा या औषधाने अडत नाही. सिंहस्थात साधुग्रामात पेटणाऱ्या चिलमीतल्या गांजाचेही तसेच. मात्र अफूवर्गीय व्यसन हे देशापुढचे लहानसहान दुखणे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास भारतीय अफूवर्गीय पदार्थ घेत होते. त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज होती.

नाल्ट्रेक्सोन १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एन्डो कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्या वेळी ते नेमके कुठे बसते हेही ठाऊक नव्हते. अफूच्या ग्राहींचा ठोस पुरावा १९७३ मध्ये मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी कळले की मेंदू स्वतःही अफूसारखी द्रव्ये बनवतो. ग्राही अफूसाठी घडलेले नव्हतेच, ते शरीराच्या स्वतःच्या सुखदुःखासाठी होते. ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची ठरते. अफूच्या व्यसनावरचे औषध म्हणून नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९८४ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागची अपेक्षा साधी होती. कृती करूनही फळ मिळेनासे झाले की कृतीची ओढ हळूहळू विझते. एब्राहम विक्लर या संशोधकाने व्यसनाला शिकलेली सवय मानून हा विचार मांडला होता, आणि शिकलेले विसरवता येते हे त्याचे सूत्र होते.

प्रत्यक्षात औषध सुरू करणे हीच पहिली कसोटी असते. शरीरात अफूचा अंश असताना नाल्ट्रेक्सोन दिले तर ते ग्राहींवर बसलेल्या अफूला एकदम ढकलून देते आणि काही मिनिटांत जबर ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, उसळते: नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, हाडे पिळवटल्यासारखे दुखणे, उलट्या, जुलाब. गोळीचा अंमल दिवसभर टिकत असल्याने ही टर्की लवकर आवरतही नाही. म्हणून आधी सात ते दहा दिवस, मेथॅडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या पदार्थानंतर त्याहून जास्त दिवस, पूर्ण कोरडे राहावे लागते. मग लघवीची तपासणी होते, आणि शंका असल्यास नॅलॉक्सोन या तशाच, पण कमी वेळ टिकणाऱ्या औषधाची छोटी मात्रा टोचून पाहतात. यकृताची तपासणीही होते. त्यानंतर रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी. १०० मिलिग्रॅमने सुमारे ४८ तास आणि १५० मिलिग्रॅमने सुमारे ७२ तास अडवणूक टिकते, त्यामुळे आठवड्यातून तीनदा देण्याचीही पद्धत आहे. महिन्यातून एकदा नितंबात टोचायचे ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन अफूच्या व्यसनासाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाले.

गोळी घरच्या कुणाच्या देखरेखीखाली घ्यावी, असा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात. ते दृश्य असे असते: सकाळचा चहा होण्याआधी आई एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभी असते. मुलगा गोळी तोंडात टाकतो, पाणी पितो. ‘आ कर’ म्हटल्यावर तोंड उघडतो, जीभ वर उचलून दाखवतो, गाल बोटाने ताणून दाखवतो. पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाला हे रोज करावे लागते. अपमान आणि माया एकाच वेळी चाललेल्या या दोन मिनिटांत पुढच्या चोवीस तासांचा निकाल लागलेला असतो. संयमाचा प्रश्न विचारायचा तर तो या दोन मिनिटांना विचारायला हवा. उरलेल्या दिवसात संयमाला फारसे काम नसते.

व्यसन सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका औषधाशी तुलना केली की नाल्ट्रेक्सोनचा नैतिक स्वभाव नीट दिसतो. डायसल्फिराम हे दारूवरचे औषध अमेरिकेत १९५१ पासून मान्य आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, ओकाऱ्या येतात, क्वचित जिवावरही बेतते. हे औषध भीतीवर चालते; पापाला तत्काळ शिक्षा. जगातल्या बहुतेक धर्मांनी सामान्य माणसाला सरळ मार्गावर ठेवण्यासाठी नरकाची वर्णने रचली, त्याच मार्गाने डायसल्फिराम जाते. नाल्ट्रेक्सोन घेतलेल्याने गर्द ओढली तर त्याला काहीच होत नाही. शिक्षा नाही, बक्षीसही नाही. कृती तशीच राहते, तिचे फळ तेवढे गळून पडते. भीतीने थांबलेला माणूस आणि फळ नाही म्हणून थांबलेला माणूस यांच्यात फरक आहे, आणि दुसरा निदान घाबरलेला तरी नसतो. गीतेत फळाची आस सोडायला सांगितले आहे हे इथे आठवण्याचा मोह होतो, पण ते साम्य वरवरचे आहे. गीतेतला साधक फळावरचा हक्क स्वतः सोडतो. इथे फळ आधीच काढून घेतलेले असते.

गीतेचा खरा संबंध दुसऱ्या अध्यायाच्या ५९ व्या श्लोकाशी येतो. त्याचा आशय असा की इंद्रियांचा आहार तोडणाऱ्या माणसापासून विषय दूर होतात, पण रस, म्हणजे गोडी, मागे उरते. ती गोडी परतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आलेल्या माणसाचे याहून अचूक वर्णन सापडणार नाही. कुंपणाच्या आत पुडी मिळत नसते, म्हणून विषय दूर असतो. गोडी मात्र त्याच्याबरोबर घरी येते, आणि जुन्या गल्लीच्या तोंडाशी जुना मित्र भेटला की तिला पाय फुटतात. आधी विषय आणि मग रस, असा श्लोकाचा क्रम आहे. नाल्ट्रेक्सोन तो उलटा करते. विषय जागेवरच राहतो, कुणीही पुडी विकत घेऊ शकतो, आणि रस काढून घेतला जातो. सात शतकांहून अधिक काळ विषयत्यागावर प्रवचने ऐकत आलेल्या मराठी श्रोत्याला ही उलटापालट पचायला वेळ लागणे साहजिक आहे.

या श्लोकावर ज्ञानेश्वरांचे विवेचन आहे आणि त्यांनी दिलेला दृष्टांत झाडाचा आहे: वरची पालवी खुडत राहायचे आणि मुळाशी पाणी घालत राहायचे, अशाने झाड मरत नाही. नाल्ट्रेक्सोनच्या विरोधकाला हा दृष्टांत जवळचा वाटेल. औषध पालवी खुडते, मूळ मनात आहे, असे तो म्हणेल. पण नीट पाहिले तर औषध खुडण्याच्या नव्हे, पाणी तोडण्याच्या बाजूला आहे. गर्द ओढल्यावर मिळणारे सुख हेच त्या झाडाचे पाणी. ते मिळेनासे होते म्हणूनच ओढ विझण्याची आशा धरता येते. त्याच ठिकाणी ज्ञानेश्वर आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती विरोधकाला अधिक उपयोगी आहे. बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतील, पण रस हट्टाने बंद करता येत नाही, कारण त्याच्याशिवाय जगणेच घडत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते बोलत आहेत जिभेविषयी, अन्नाविषयी. पण शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये बनवते हे कळल्यानंतर या वाक्याला वेगळे वजन येते. नाल्ट्रेक्सोन गर्दला ज्या जागेवर अडवते, ती जागा शरीराने आपल्याच सुखासाठी राखलेली आहे. मग औषधाने गर्दबरोबर जगण्याची गोडीही बंद होते का?

हा आक्षेप हवेतला नाही. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठाच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, नाल्ट्रेक्सोन घेतलेल्या लोकांना आवडते संगीत ऐकताना येणारा भावनिक प्रतिसाद मंदावलेला आढळला. भजनात टाळ वाजू लागल्यावर अंगावर येणारा शहारा गोळीने कमी होत असेल, तर व्यसनमुक्त माणसाला ज्या आनंदाकडे वळवायचे त्याच आनंदाची वाट थोडी अरुंद होते, असे म्हणावे लागेल. पण प्रयोग लहान होता, निरोगी माणसांवर होता. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णांत जगणे सरसकट बेचव झाल्याचे चित्र दिसत नाही. सुख एकाच द्रव्यावर उभे नसते. शिवाय तुलना कुणाशी करायची हेही पाहिले पाहिजे. गर्दच्या ऐन व्यसनात असलेल्या माणसाला भजन, जेवण, बायको, मूल यांतल्या कशाचीच गोडी उरलेली नसते. पुडीने सगळे रस आधीच गिळलेले असतात. औषधाने रस थोडे मंद झाले, तरी पुडीपेक्षा कितीतरी अधिक शिल्लक राहतात. ज्ञानेश्वरांचा इशारा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिकामी झालेली जागा रिकामीच ठेवली तर माणूस टिकत नाही, दुसरी गोडी लागावी लागते.

इगतपुरीची परंपरा हाच प्रश्न वेगळ्या टोकाने धरते, आणि तिच्या भारतातल्या प्रवासात अफूचा एक प्रत्यक्ष धागा आहे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ मध्ये म्यानमारमधल्या मंडाले इथे, मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांना असह्य अर्धशिशी होती आणि तिच्यावर मॉर्फिनची इंजेक्शने दिली जात. मॉर्फिनचेच व्यसन लागेल या धास्तीने त्यांनी उपचारांसाठी युरोप, अमेरिका, जपान पालथे घातले. गुण आला नाही. अखेर १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि विपश्यना शिकवत. अर्धशिशी बरी करायला आलो आहे, हे ऐकून त्यांनी गोएंकांना प्रवेश नाकारला. धर्म शारीरिक दुखणे घालवण्यासाठी नाही. मन निर्मळ करायला येणार असाल तर या, दुखणे गेले तर तो आनुषंगिक लाभ, असा त्यांचा पवित्रा होता. गोएंका मग त्या अटीवर गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले. इगतपुरीच्या डोंगराच्या पायथ्याशी धम्मगिरीत १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे भरत आली आहेत.

गोएंकांच्या शिकवणीत व्यसनाचे एक ठरलेले विश्लेषण आहे. व्यसनी माणूस पदार्थाला चिकटलेला नसतो, पदार्थामुळे अंगात उठणाऱ्या संवेदनेला चिकटलेला असतो. बुद्धाने सांगितलेल्या कार्यकारणाच्या साखळीत स्पर्शातून वेदना, म्हणजे संवेदना, निर्माण होते, आणि वेदनेतून तृष्णा. साखळी तोडायची ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये. संवेदना उठली तरी प्रतिक्रिया द्यायची नाही, ती अनित्य आहे हे पाहत राहायचे. आता नाल्ट्रेक्सोन कुठे तोडते? एक कडी आधी, स्पर्श आणि वेदना यांच्यामध्ये. धूर रक्तात जातो, मेंदूपर्यंत पोहोचतो, पण संवेदना उठत नाही. साधकाला सुखद संवेदनेसमोर समत्व राखायचे असते. गोळी घेणाऱ्यासमोर ती संवेदनाच येत नाही. या दृष्टीने ऊ बा खिन यांचा आग्रह बरोबर ठरतो. औषधाने आणलेली शांतता ही प्रज्ञा नव्हे, आणि कुणी तसा दावाही करू नये.

पण हिशेब इथे संपत नाही. तृष्णा केवळ ओढलेल्या धुरातून येत नाही. पन्नीचा चकाकता तुकडा, विशिष्ट वास, पगाराचा दिवस, बापाशी झालेले भांडण यांतूनही अंगात संवेदना उठतात, आणि त्यांना नाल्ट्रेक्सोनचा काहीच अडसर नसतो. ग्राही बंद आहेत आणि तरी जीव तळमळतो, असा अनुभव रुग्ण सांगतात. म्हणजे एक कडी औषध सांभाळते आणि दुसरी कडी माणसालाच सांभाळावी लागते. गोळीने साधनेचे क्षेत्र संपत नाही, ते आटोक्यात येते. शिकाऊ माणसाला समत्वाचा पहिला धडा बापाच्या बोलण्यावर गिरवता येतो. तो एकदम गर्दच्या लाटेवर गिरवायला सांगणे ही क्रूर अपेक्षा आहे.

धम्मगिरीच्या नियमावलीत नशेच्या पदार्थांबरोबर झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्याही आणू नयेत असे आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणाऱ्याने ते आचार्यांना कळवायचे असते. नाल्ट्रेक्सोन गुंगी आणत नाही, सवय लावत नाही, त्याची काळ्या बाजारात किंमत नाही. नशा वर्ज्य करणाऱ्या, बौद्धांच्या पाचव्या शीलाशी त्याचा झगडा दिसत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. औषधापूर्वीचे सात-दहा कोरडे दिवस आणि शिबिराचे दहा दिवस या आकड्यांचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे. टर्की उतरवण्याची जागा रुग्णालय किंवा व्यसनमुक्ती केंद्र. ध्यानाच्या आसनावर ती उतरवायला बसू नये.

तिसरी गोष्ट व्रताची. औषधाला ‘कुबडी’ म्हणणारे लोक व्रताला कधी कुबडी म्हणत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या दिंड्यांत गळ्यात तुळशीची माळ घातलेली माणसे असतात. माळ घातली की मद्यमांस वर्ज्य. ती गळ्यात दिसत असल्यामुळे गावातले जुने सोबती आग्रह करत नाहीत, लग्नाच्या पंगतीत वाढणारा पुढे सरकतो, घरात वेगळे काही शिजत नाही. माळकऱ्याचा संयम त्याच्या एकट्याच्या मनगटावर उभा नसतो. माळ, दिंडी, फड, शेजार सगळे मिळून तो तोलून धरतात. तरी कुणी म्हणत नाही की दारू याने सोडली नाही, माळेने सोडवली. वणीच्या सप्तशृंगीसमोर घेतलेल्या शपथेचेही तेच. १९५६ मध्ये नागपूरला आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती लाखोंच्या समोर, मोठ्याने उच्चारलेली होती, यातच तिचे बळ होते. धर्मांनी संयमाला नेहमीच बाहेरून आधार दिला आहे. तो आधार रासायनिक झाला म्हणून तत्त्वतः हलका होत नाही.

फरक आहे तो पक्केपणाचा. माळ क्षणात काढून ठेवता येते, गोळीचा अंमल दिवसभर उतरवता येत नाही, इंजेक्शनचा महिनाभर. पण दुसऱ्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही, हे रोज नव्याने ठरते. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ च्या एका निबंधात व्यसनी माणसाचेच उदाहरण घेऊन इच्छांचे दोन थर दाखवले. एका थरावर पदार्थ हवा असतो. त्याच्या वरच्या थरावर, ही इच्छाच नको, अशी इच्छा असते. माणूस वरच्या थराने ओळखला जातो, असे त्यांचे म्हणणे. सकाळी गोळी गिळणारा माणूस वरच्या थराच्या बाजूने मत टाकतो आणि संध्याकाळी खालच्या थराने बंड केले तर त्याला बळ उरू नये, याची तजवीज करतो. हा संकल्पच आहे. फार तर तो आपल्या दुबळेपणाची पूर्ण जाणीव असलेल्या माणसाचा संकल्प आहे, आणि अशी जाणीव धर्मग्रंथांत दुर्गुणांच्या यादीत आढळत नाही.

औषधच सगळे करते, या आरोपाला आकडेही साथ देत नाहीत. तोंडाने घ्यायच्या नाल्ट्रेक्सोनवरच्या प्रयोगांची २०११ ची कोक्रेन समीक्षा असे सांगते की उपचारात टिकून राहण्याच्या बाबतीत ही गोळी नकली गोळीपेक्षा निर्विवाद सरस ठरली नाही. कारण सरळ आहे, बरेच जण ती घेणे सोडून देतात. घेतली तर नेहमीच्या मात्रेची अडवणूक जवळजवळ पूर्ण, पण घेणे माणसाच्या हातात. ज्यांच्यापुढे नोकरी, परवाना, कुटुंब असे काही पणाला लागलेले असते त्यांच्यात ती चांगली चालते. व्यसनात सापडलेले डॉक्टर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. म्हणजे संकल्प नसेल तर औषध निकामी आहे.

यातूनच संमतीचा मुद्दा निघतो आणि तिथे तडजोड नको. ‘रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या रकान्यांत वर्षानुवर्षे येत आहेत. डाळीत, चहात औषध मिसळून देणारी घरे कमी नाहीत, आणि त्यामागची अगतिकता समजण्यासारखी आहे. नाल्ट्रेक्सोनच्या बाबतीत हा प्रकार सरळ धोक्याचा आहे. गर्द चालू असलेल्या माणसाला नकळत दिलेली गोळी त्याला जबर टर्कीत लोटते. नैतिकदृष्ट्याही त्यात काही उरत नाही. जो संकल्प माणसाने केलाच नाही तो त्याच्या पोटात कसा घालणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांत धरले आहे. उपचाराला माहितीपूर्वक संमती हवी हे त्यात आहे, आणि पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची सोयही आहे.

उरतो शुद्धतेचा प्रश्न, आणि इथे धार्मिक मनाची घसरण सर्वांत सहज होते. अफूच्या व्यसनावर औषधाचा दुसराही मार्ग आहे: ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथॅडोन, जी स्वतः अफूवर्गीय आहेत, पण मोजून दिल्यास टर्की आणि तळमळ शमवतात आणि रुग्णाला कामधंद्याला लावतात. देशातल्या सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे याला हिणवले जाते. व्यसनमुक्तांच्या अनेक स्वमदत गटांत मेथॅडोनवर असलेल्याला ‘क्लीन’ मानत नाहीत. रशियात तर मेथॅडोनने उपचार करणे बेकायदा आहे आणि नाल्ट्रेक्सोनला पसंती आहे. नाल्ट्रेक्सोन नशारहित असल्याने ते आपोआप सोवळे ठरते. पण २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, ५७० रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या अमेरिकन प्रयोगात मासिक नाल्ट्रेक्सोनच्या गटातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना औषध सुरूच करता आले नाही, कारण कोरडे दिवस काढणे जमले नाही. ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. एकूण हिशेबात नाल्ट्रेक्सोन गटातले ६५ टक्के आणि ब्युप्रेनॉर्फिन गटातले ५७ टक्के पुन्हा व्यसनात गेले. औषध सुरू होऊ शकले त्यांच्यापुरते पाहिले तर दोन्ही जवळपास सारखी ठरली. ज्याला पहिली पायरी चढता येत नाही त्याला सोवळे औषध परवडत नाही. १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झालेल्या नाशिकला सोवळ्याओवळ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात गर्दमुळेच झाली. मुंबई-पुण्यात १९८० च्या दशकात गर्द पसरली, डॉ. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथल्या पद्धतीत औषधापेक्षा गटातले मोकळे बोलणे, घरच्यांचा सहभाग आणि ‘फक्त आजचा दिवस’ या सूत्राला महत्त्व आले. हे सूत्र आणि रोजची एक गोळी यांत विरोध शोधायचे कारण नाही. दोन्हींचा हिशेब चोवीस तासांचाच आहे. मुक्तांगणच्या बोलीत पुन्हा व्यसन घडण्याला ‘स्लिप’ म्हणतात, पतन म्हणत नाहीत. या निवडीत धर्मविचाराला शिकण्यासारखे आहे.

कारण नाल्ट्रेक्सोनचा सगळ्यात मोठा धोका त्या स्लिपमध्येच आहे. औषध चालू असताना शरीराची गर्द पेलण्याची जुनी ताकद ओसरते. गोळी सुटली आणि अडवणूक उतरली की पूर्वी सहज पचणारी पुडी श्वास थांबवते. औषध चालू असताना अडवणूक फोडण्यासाठी भरमसाट मात्रा घेणेही तितकेच जीवघेणे आहे. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याने तसे लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, म्हणजे अपघातात वेदनाशमनासाठी कोणते औषध चालेल हे डॉक्टरांना कळते. गोळी सोडलेल्या माणसाला ते घरात लगेच सांगता आले पाहिजे. शरमेने त्याने ते दोन दिवस लपवले तर त्या दोन दिवसांत मरण येऊ शकते. तेव्हा पहिली गोळी देतानाच डॉक्टरांनी, आणि पाण्याचा पेला धरणाऱ्या घरच्यांनी, हा धोका त्याला स्पष्ट सांगावा, आणि गोळी चुकली तर रागावण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.